पाहुण्याने किती वाकावं?



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : परदेशी गेल्यावर तिथल्या रीतीभाती पाळाव्यात का? आता यात बोलायचं काय? पाळाव्यात. ‘देश तसा वेश’ ही म्हण आपण शाळेतच शिकलो आहोत. म्हणजे व्याख्यान इथेच संपलं, चला सगळे मावा जिलेबी खायला. (हशा) पण जिलेबी थोडी थांबेल. कारण पाळाव्यात का, हा प्रश्न सोपा आहे. किती पाळाव्यात, कुठे नाही म्हणावं आणि नाही म्हणायचं तर ते कसं म्हणावं, हा प्रश्न अवघड आहे. आणि या अवघड प्रश्नाची एक नामी परीक्षा तुमच्याच गावात होऊन गेली आहे. राजघाटावर उभं राहून वर किल्ल्याच्या भिंती बघणाऱ्या बुऱ्हाणपूरकरांना ती मी सांगावी, हे जरा उलटंच. पण शाळेच्या पुस्तकात ती नसते, म्हणून सांगतो.

साल १६१५. नोव्हेंबर महिना. मोगलांचा दख्खनचा सगळा कारभार तेव्हा बुऱ्हाणपुरातून चालायचा. अब्दुर्रहीम खानखानान इथे होते. तेच रहीम, ज्यांचे दोहे आपण पाठ केले. आणि नावाला सगळ्यांच्या वर होता जहांगीर बादशहाचा मुलगा, शहाजादा परवेझ. अशा वेळी सुरतेहून पंधरवड्याची मजल मारून एक इंग्रज इथे पोहोचला. सर टॉमस रो. इंग्लंडच्या राजाचा, पहिल्या जेम्सचा वकील. बादशहा होता अजमेरला, तिकडे जाताना वाटेत शहाजाद्याला भेटायचं होतं. उतरायला त्याला सराईतल्या विटांच्या खोल्या मिळाल्या, त्या त्याला भट्टीसारख्या वाटल्या. गाव म्हणजे मातीच्या घरांचा पसारा, असंही त्याने लिहून ठेवलं. बुऱ्हाणपूरकरांनी मनाला लावून घेऊ नये. माणसाला इथे ताप भरला होता, आणि तापात ताजमहालसुद्धा चांगला दिसत नाही. तो तेव्हा बांधलेलाही नव्हता, ही गोष्ट वेगळी.

दरबाराचा दिवस आला. शहाजादा उंचावर, छताखाली बसलेला. खाली कठड्याच्या आत गावातले बडे सरदार हात पुढे बांधून उभे. रो आत येतो तोच एक अंमलदार पुढे होऊन सांगतो, की इथून पुढे जायचं तर टोपी काढून डोकं जमिनीला टेकवायचं. रो म्हणतो, मी शहाजाद्याच्या भेटीला मानाने आलो आहे, नोकरांची रीत मला लागू नाही. आणि सरळ चालत पुढे जातो. पायऱ्यांपाशी आल्यावर मात्र आपल्या देशाच्या पद्धतीने वाकून अभिवादन करतो. शहाजादाही उत्तरादाखल अंग झुकवतो.

इथवर बरं झालं. मग रो म्हणतो, मला वर येऊ द्या. उत्तर येतं : इराणचा शहा किंवा तुर्कांचा सुलतान आला असता तरी हे चाललं नसतं. यावर रोने दिलेलं उत्तर मला फार आवडतं. तो म्हणाला, ते आले असते तर शहाजादे स्वतः खाली उतरून दरवाजापर्यंत सामोरे गेले असते, याची मला खात्री आहे. मला तेवढं नको, त्यांच्या वकिलांना जेवढा मान मिळाला असता तेवढाच द्या. बरं, मग निदान खुर्ची? उत्तर : या जागी आजवर कोणी बसलेलं नाही. पण सौजन्य म्हणून एक करता येईल. छताचा तो चांदीने मढवलेला खांब आहे ना, त्याला टेकून उभे राहा.

आणि इंग्लंडचा वकील खांबाला टेकून उभा राहिला. त्याच अवस्थेत त्याने शहरात वखार घालायची परवानगी मागितली, आणि ती मिळालीही.

आता मला सांगा, या प्रसंगात कोण जिंकलं? कोण वाकलं? रो जमिनीला डोकं टेकवायला तयार झाला नाही, पण अभिवादन केल्याशिवायही राहिला नाही. खुर्ची मिळाली नाही म्हणून तो खाली मांडी ठोकून बसला नाही, की तरातरा निघून गेला नाही. आणि परवेझ? त्याने दरबाराची रीत मोडू दिली नाही, पण पाहुण्याच्या पायांची सोय केली. रीत ही भिंतीसारखी असते असं आपण समजतो. त्या दिवशी तिला टेकायला एक खांब होता.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रो काही संत नव्हता. कंपनीच्या व्यापारासाठी आला होता आणि त्या कंपनीने पुढे काय केलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. परवेझही काही आदर्श यजमान नव्हता. दरबार उठल्यावर जरा मोकळेपणाने भेटू, असं त्याने रोला सांगितलं होतं. पण रोने दिलेल्या नजराण्यात दारूच्या बाटल्यांची एक पेटी होती, शहाजाद्याने तिचा योग्य तो समाचार घेतला आणि ती दुसरी भेट राहूनच गेली. (हशा) पाहुण्याने भेट काय न्यावी, याचाही विचार करायला हवा, एवढंच म्हणतो.

पण बुऱ्हाणपूरहून रो एक गोष्ट शिकून गेला, असं मला वाटतं. जानेवारी १६१६ मध्ये अजमेरला बादशहापुढे जायची वेळ आली, तेव्हा दरबाराच्या दारात हुज्जत नको म्हणून त्याने आधीच निरोप पाठवून विचारलं : मी माझ्या देशाच्या रीतीने मुजरा केला तर चालेल का? जहांगीराने आनंदाने हो म्हटलं. इथे बुऱ्हाणपुरात जे ऐनवेळी झटापटीने झालं, ते तिथे आधी विचारल्यामुळे विनासायास झालं.

माझा आजचा पहिला मुद्दा इथे आला, आणि खरं सांगायचं तर मुख्य मुद्दाही हाच. परक्या घरी नाही म्हणायचा हक्क पाहुण्याला असतो. पण तो हक्क आधी विचारणाऱ्याचा असतो. न विचारता मोडणाऱ्याचा नसतो.

आता कोणी म्हणेल, की भाषा शिकली की सगळं आपोआप जमतं. तसं असतं तर टॉम कोर्याट हा जगातला सगळ्यात सभ्य प्रवासी ठरला असता. हाही इंग्रज, त्याच काळातला. हा बहाद्दर अलेप्पोहून पायी चालत अजमेरला आला. पायी! तुर्की, अरबी, फारसी वाटेत शिकला. हिंदुस्थानी इतकी शिकला, की रोच्या बिऱ्हाडावर दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी एक बाई होती, तिला तिच्याच बोलीत उत्तरं देऊन सकाळी आठाच्या आत गप्प केलं. जहांगीरापुढे त्याने फारसीत भाषण ठोकलं आणि शंभर रुपये मिळवले. रोला ती भीक वाटली, त्याने त्याला खडसावलं. रोला स्वतःला मात्र फारसी येत नव्हती, तो दुभाष्यांवर अवलंबून. म्हणजे भाषेच्या परीक्षेत कोर्याट पहिला आणि रो नापास.

पण याच कोर्याटने आग्र्यात काय केलं? मशिदीतून बांग सुरू झाली तशी हा समोर उंच जागी चढला आणि बांगेच्याच शब्दांत फेरफार करून आपल्या धर्माची घोषणा ओरडला. रोचा पाद्री एडवर्ड टेरी याने ही हकिकत लिहिली आहे, आणि पुढे म्हटलं आहे, की आशियात दुसऱ्या पुष्कळ ठिकाणी असं केलं असतं तर त्याचा जीव गेला असता. इथे ज्याला त्याला आपला धर्म पाळायची मोकळीक होती, म्हणून वाचला. भाषा येत होती, म्हणूनच तो अपमान करू शकला. मुक्याला तो करता आला नसता. तेव्हा परदेशी जायच्या आधी मोबाइलवर दहा वाक्यं पाठ करा, जरूर करा, पण त्याने काम झालं असं समजू नका.

आता आपल्या माणसांकडे येऊ. राघोबादादा बुऱ्हाणपूरकरांना परके नाहीत. हे शहर १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर निजामाकडून पेशव्यांकडे आलं होतं. याच राघोबांनी पुढे इंग्लंडच्या दरबारात आपली बाजू मांडायला वकील पाठवले. हणमंतराव नावाचे एक ब्राह्मण गृहस्थ आणि त्यांच्यासोबत पारशी बापलेक. १७८१ साली ते लंडनमध्ये होते. कल्पना करा. अठराव्या शतकातलं लंडन, थंडी, धूर, आणि सोवळ्यात स्वयंपाक करून जेवणारा माणूस. परक्या हातचं पाणी नको, परक्या भांड्यातलं अन्न नको. हाल झाले. मग एडमंड बर्क या पार्लमेंटच्या सभासदाला त्यांची माहिती कळली. पुढे वॉरन हेस्टिंग्जवर खटला चालवणारा, तोच बर्क. त्याने त्यांना बीकन्सफील्डला आपल्या घरी नेलं आणि बागेतलं काचेचं हरितगृह त्यांना रिकामं करून दिलं. झाडं ठेवायची जागा ती. तिथे त्यांनी आपली चूल मांडावी, आपलं स्नान-संध्या करावं. आणि बर्कने राघोबांना कळवलं, की या गृहस्थांना जो त्रास झाला तो आमच्या दुष्टपणामुळे नाही, अज्ञानामुळे झाला.

या प्रसंगात मला दोन गोष्टी दिसतात. बर्कने पाहुण्याला ‘लंडनला आलात तर लंडनसारखं जेवा’ असं सुनावलं नाही. पण हणमंतरावांनीही बर्कच्या घरात सोवळं पसरवलं नाही. हरितगृहाच्या काचेआड ते राहिलं. आपली रीत पाळायला त्यांना जागा मिळाली, ती दुसऱ्याच्या जेवणाच्या टेबलावर नव्हती. आणि एवढं करून परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागलं ते लागलंच. तिकडच्यांना समजलं ते घरच्यांना समजलं नाही. असो.

शंभर वर्षांनी आनंदीबाई जोशी गेल्या. १८८३. वय अठरा. जाण्याआधी सेरामपूरच्या सभेत त्यांनी जाहीर सांगितलं, मी हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन. मांसाहार केला नाही, पेहराव विलायती केला नाही. म्हणजे ज्या गोष्टी त्यांच्या मनाच्या गाभ्यातल्या होत्या, तिथे त्या हलल्या नाहीत. पण नऊवारीत पाय उघडे राहतात, थंडीही लागते, हे लक्षात आल्यावर त्यांनी गुजराती पद्धतीने लुगडं नेसायला सुरुवात केली. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंच्या घरात त्या लेकीसारख्या राहिल्या, आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या. काय सोडायचं आणि काय धरायचं, हे अठरा वर्षांच्या मुलीने ठरवलं. मनाचं धरलं, सवयीचं सोडलं.

आपण नेमकं उलटं करतो का? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो. आपल्या सहलींचे जथे आता स्वित्झर्लंडपासून बालीपर्यंत जातात. महाराज सोबत, पोहे-उपमा सोबत, लोणच्याच्या बरण्या सोबत. त्यात काही वावगं नाही; हणमंतरावांनाही चूल हवी होती. पण चूल हरितगृहात असते. हॉटेलच्या नाश्त्यावरून दुपारच्या जेवणासाठी केळी आणि पाव पिशवीत भरणं, ही सवय आहे, धर्म नाही. रात्री दहा वाजता गॅलरीत अंताक्षरी, हीही सवय. तळ्यातल्या बोटीत चढताक्षणी ‘गणपती बाप्पा मोरया’ची आरोळी, बाप्पाला ती आवडत असेल, पण बोटीत शांतपणे बसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला कोणी विचारलं?

२०१९ साली स्वित्झर्लंडमधल्या ग्श्टाड गावातल्या एका हॉटेलाने खास भारतीय पाहुण्यांसाठी सूचना लावली. नाश्त्याचं खाणं बाहेर नेऊ नका, वाढायला ठेवलेले चमचेच वापरा, व्हरांड्यात मोठ्याने बोलू नका. आपल्याकडे गदारोळ झाला. वंशद्वेष आहे, असं लोक म्हणाले. एका देशाच्या नावाने अशी पाटी लावणं असभ्यच आहे. सगळ्यांसाठी एक पाटी लावली असती तर काय बिघडलं असतं? पण राग शांत झाल्यावर ती यादी पुन्हा वाचा. तिच्यात खोटं काय होतं?

त्याच वर्षी ऑक्टोबरात भूतानमध्ये जे घडलं, ते मात्र मला जास्त लागलं, कारण तो तरुण आपल्या महाराष्ट्रातला होता. मोटारसायकलींवरून गेलेला जथा. थिंपूहून पुनाखाला जाताना दोचुला नावाची खिंड लागते. तिथे टेकडीवर १०८ चोर्तेन आहेत, बौद्धांचे स्तूप. हा गडी शिडी लावून एका चोर्तेनवर चढला आणि वर उभं राहून फोटो काढून घेतला. फोटो पसरला, पोलिसांनी ताब्यात घेतलं, माफीवर सुटका झाली. बातमी दोन दिवसांत शिळी झाली. पण ते १०८ चोर्तेन कशासाठी बांधलेत, हे किती जणांनी विचारलं? डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या छोट्या सैन्याने आपल्या जंगलातले उल्फा आणि इतर संघटनांचे तळ उद्ध्वस्त केले. त्या संघटना लढत होत्या भारताशी. त्या मोहिमेत पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते चोर्तेन आहेत. म्हणजे ज्यांच्या मरणाचा फायदा आपल्याला झाला, त्यांच्या स्मारकावर आपला माणूस बूट घालून उभा राहिला. त्याच्या मनात अपमान करायचा हेतू नसेल. नव्हताच, असं मी धरून चालतो. पण विचारायला आजूबाजूला माणसं होती. हे काय आहे, एवढं एक वाक्य विचारलं असतं तर शिडीला हात लावला असता का त्याने?

इथे एक शंका येईल, आणि यायलाच हवी. प्रत्येक रीत चांगली असते का? अस्पृश्यता ही आपल्याकडची रीतच होती. बाहेरून आलेल्या माणसाने ‘इथली रीत’ म्हणून ती पाळायला हवी होती का? मुळीच नाही. ज्या रीतीत तिसऱ्याच माणसाला खाली दाबलं जातं, तिथे पाहुण्याने गप्प राहणं हे सौजन्य नाही. पण आपल्यापैकी किती जणांवर परदेशी अशी वेळ येते? आपल्याला सांगितलं जातं ते फक्त बूट काढा, डोकं झाका, हळू बोला, रांगेत उभे राहा. त्यात कोणाचा स्वाभिमान जातो? आपली थोडी गैरसोय होते, बस. ताठ मानेच्या रोनेसुद्धा पुढे जहांगीराचा बडा सरदार आसफखान याच्या मेजवानीत जमिनीवर मांडी घालून जेवण केलं. टेरी सोबत होता. एकट्या त्याच्यापुढेच पन्नास पदार्थ मांडले होते. विलायती पायांना ती मांडी सोपी गेली नाही. पण खुर्ची कोणी मागितली नाही. दरबारात मान होता, तिथे रो अडला. जेवणात फक्त गुडघे दुखत होते, तिथे तो अडला नाही. हा फरक ज्याला कळला, त्याला पासपोर्ट द्यायला हरकत नाही.

आणि हा फरक शिकायला बुऱ्हाणपूरकरांना विमानात बसावं लागत नाही. गुरुद्वारा बडी संगतमध्ये जाताना डोकं झाकायचं. गुरू गोविंदसिंगांच्या १७०८ मधल्या मुक्कामाची ती जागा. चर्चमध्ये पुरुषाने टोपी काढायची. केरळातल्या कित्येक देवळांत पुरुषाने सदराच काढायचा. आदर तोच, आणि कृती एकमेकींच्या अगदी उलट्या. दर्गाह-ए-हकीमीला जगभरातून बोहरा भाविक येतात. ते तुमच्या गावात पाहुणे असतात, आणि त्यांच्या दर्ग्याच्या आवारात गेलं की तुम्ही पाहुणे. एका रिक्षाच्या भाड्यात देश बदलतो. ही तालीम फुकट आहे, आणि मुलांना ती द्यावी.

आता शेवटचं, आणि ते यजमानांना. म्हणजे तुम्हाला. पाहुण्याने विचारावं, हे खरं. पण परवेझच्या अंमलदाराने पुढे होऊन सांगितलं तरी, की इथे काय करायचं असतं. आपण सांगतो का? तुमच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेख आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीला फारुकी सुलतानाने तो कोरवला, आपल्या मशिदीत, संवत आणि शकासकट. ज्याला अरबी वाचता येत नाही त्यालाही कळावं, असा अर्थ मी त्यातून घेतो. विद्वानांचं मत वेगळं असेल तर त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावं. सुलतानाला जे जमलं ते नगर निगमला जमायला हवं.

हिवाळ्यात इथे आहुखाना आणि किल्ला बघायला लोक येतात. १६३१ मध्ये मुमताजला पहिल्यांदा पुरलं ती जागा कुठली, असं विचारत तापीपलीकडे जैनाबादला जातात. परतताना राजघाटावर थांबतात. पायऱ्यांवर चपला कुठवर चालतात, त्यांना माहीत नाही. स्नान करणाऱ्या बायकांचे फोटो काढू नयेत, त्यांना कोणी सांगितलेलं नाही. साबण, निर्माल्य, प्लास्टिक यांचं काय करायचं, ठाऊक नाही. मग आपण घरी येऊन म्हणतो, बाहेरच्या लोकांना रीत नाही. कशी असेल? घाटावर एक फलक लावा. मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी, चारही लिहा. ‘मनाई आहे’ एवढंच लिहून थांबू नका, का मनाई आहे तेही एका ओळीत लिहा. कारण कळलं की माणूस रीत पाळतो, नुसता दम दिला की ती मोडायची वाट बघतो. हा फलक या मंडळाने येत्या थंडीच्या आत लावावा, अशी माझी विनंती आहे. मजकूर लिहायला माणूस कमी पडला तर मला कळवा. रावेरहून येणाऱ्या पहिल्या गाडीने मी येतो.